फ्रीजरमागे पडलेली सिलिकॉन गन

मी एक जुनी सिलिकॉन गन आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. माझ्या पोटात सिलिकॉनची नळी बसवतात. चाप ओढला की माझी मोटर दांड्याला पुढे ढकलते आणि नळीच्या तोटीतून लोण्यासारखा मऊ पदार्थ बाहेर येतो. तो खिडकीच्या, टबच्या, ओट्याच्या फटीत भरला की वाळून रबरासारखा होतो. मग तिथून पाणीही आत येत नाही आणि वाराही येत नाही. माझे काम एवढेच. ते मोठे नाही, पण ज्या घरात ते होत नाही त्या घराच्या भिंती आतून कुजतात.

माझ्या जातीच्या बहुतेक गन लोखंडी असतात आणि हाताच्या जोरावर चालतात. मी बॅटरीवर चालते. कारखान्यातल्या पट्ट्यावरून आम्ही कितीतरी बहिणी सरकत होतो. कोणी मोटर बसवली, कोणी दांडा घातला, कोणी पिवळे कवच आवळले. शेवटी एका बाईने माझा चाप ओढून पाहिला, मी गुरगुरले, तिने मान हलवली आणि मला काळ्या पेटीत ठेवले. पेटीत एक खाच माझी, एक बॅटरीची, एक चार्जरची. तिथून मी कॅनडातल्या थंडर बे गावच्या एका दुकानात गेले आणि फळीवर बसून राहिले.

मला विकत घेतले आयली सालमेलाने. ती तेव्हा सत्तरीला टेकली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने आयुष्यभर ओल्या चादरी उपसल्या होत्या आणि त्यांनी तिच्या बोटांचे सांधे सुजवून ठेवले होते. घराच्या फटी तिचा नवरा तोइवो बुजवायचा. तो गेल्यावर तिने त्याची लोखंडी गन हातात घेऊन पाहिली, तर चाप निम्मासुद्धा दबेना. सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा मात्र कोणासाठी थांबत नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो शिट्टी वाजवत आत येत होता.

तिला दुकानात आणले होते शेजारच्या ओरेस्ट कुझिकने, आपल्या ट्रकमधून. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात काम करून निवृत्त झालेला, मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दोघांच्या घरांमध्ये एक गवताची पट्टी होती, कुंपण नव्हते.

"बंदूक घेतेस?" तो म्हणाला. "मग आता माझी काही धडगत नाही."

"तुझ्यावर बॅटरी कोण वाया घालवतो!" आयली म्हणाली.

"अगं पण मी आहे ना. हाक मार, येऊन भरून देतो तुझ्या फटी."

"तू भरलेली फट पाहिली आहे मी. तुमच्याच न्हाणीघरात. कोंबडी चालून गेल्यासारखी दिसते."

ओरेस्ट इतका हसला की दुकानातली माणसे वळून पाहू लागली. आयलीने तोवर मला हातात घेतले होते. तिने एका बोटाने चाप ओढला. मी गुरगुरले, दांडा पुढे सरकला. तिने बोट सोडले, मी थांबले.  तिने पुन्हा एकदा चाप ओढला, नुसताच, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून मला वाटले, आपण चांगल्या घरी चाललो आहोत.

तसे झालेही. मित्रांनो, ती वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. पहिली रेघ आम्ही तिच्या टबच्या कडेला ओढली आणि ती गांडुळासारखी वाकडी आली. आयलीने ती बोटाने पुसून काढली, फिनिश भाषेत काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा सुरुवात केली. नळीची तोटी तिरकी कापायची, माझा वेग कमी ठेवायचा, मला एकाच कलाने धरून हळूहळू मागे खेचत न्यायचे, आणि शेवटी ओल्या बोटाने रेघेवरून एकदाच हात फिरवायचा. हे ती चुकतमाकत शिकली. मग टब झाला, स्वयंपाकाचा ओटा झाला, खिडक्या झाल्या, मागच्या दाराची चौकट झाली. पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातली शिट्टी बंद झाली, तेव्हा ती त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून कॉफी घेत बसली, आणि तिने मला समोर टेबलावर ठेवले होते, पाहुणीला बसवावे तसे.

काम झाले की ती माझ्या पोटातली नळी काढायची, दांडा फडक्याने पुसायची, तोटीत खिळा खुपसून नळी वेगळी ठेवायची. बाहेर हाडे गोठवणारी थंडी पडली की बॅटरी घरात, कपाटात, उबेला. "मला थंडी सोसत नाही, तर तिला कशी सोसेल?" असे ती नेटीला म्हणाली होती. नेटी म्हणजे ओरेस्टची बायको. तिच्याही खिडक्या आम्हीच केल्या. त्या दिवशी नेटीने रेघेवरून बोट फिरवले आणि नवऱ्याला हाक मारली.

"ओरेस्ट, इकडे ये. ये, बघ, याला रेघ म्हणतात."

"मी आंधळा नाही," ओरेस्ट म्हणाला. "आणि मला जेवायला कोण देणार आहे आज? तुम्ही दोघी खिडक्याच चाटणार का?"

असे ते होते. शनिवारी सकाळी आयलीकडे कॉफी आणि तिने भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव. बर्फ पडले की ओरेस्ट आपले बर्फ उडवायचे यंत्र घेऊन आधी आयलीच्या दारापर्यंत वाट करायचा आणि मग स्वतःच्या. तोइवोच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो पुढे होता. अशी माणसे एकमेकांना विसरणार नाहीत, असे मला वाटत असे. मी यंत्र आहे. मला काय कळते?

एका शरद ऋतूत थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओरेस्टची मुलगी घरी यायची होती. नेटीने न्हाणीघरातली कोंबडीची पावले आधी काढायला लावली. ओरेस्ट आयलीकडे आला. तिची शिडी नेली, पाणसळ नेली, बादली नेली आणि शेवटी मला मागितले.

"दोन दिवसांत आणून देतो."

"नळी आत ठेवू नकोस हं," आयली म्हणाली. "सिलिकॉन आत सुकलं तर ती गेलीच. दांडा पूस. आणि बॅटरी—"

"हो गं माझे आई. आंघोळ घालतो, पावडर लावतो, मग आणून देतो."

काम त्याने कसे केले ते सांगत नाही. माझे तोंड त्याने तीनदा भिंतीवर आपटले. संपल्यावर तो मला गॅरेजमध्ये घेऊन आला. पेटी उघडून मला आत ठेवू लागला, पण नळी आतच होती आणि तिची लांब तोटी पुढे आली होती. त्यामुळे झाकण लागेना. त्याने मला उचलून फळीवर ठेवले, रंगाच्या डब्यांशेजारी. नळी मग काढू, असे त्याच्या मनात असावे. तेवढ्यात नेटीने जेवायला हाक मारली. झाकण आता सहज लागत होते. जाता जाता त्याने ते लावून टाकले.

दुसऱ्या दिवशी त्याने आयलीची शिडी उचलली, बादली उचलली, पाणसळ आणि पेटी उचलली. मी फळीवरून पाहत होते. मला ओरडता आले असते तर! आयली घरी नव्हती, म्हणून त्याने सगळे तिच्या मागच्या व्हरांड्यात ठेवले आणि हात झटकत परत आला. संध्याकाळी त्याने हिवाळ्यात ट्रकला लावायचे बर्फाचे टायर काढण्यासाठी फळीवरचे डबे सरकवले. एक डबा मला लागला. मी मागे घसरले आणि मोठ्या फ्रीजरच्या पाठीमागे पडले, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या अंधारात. त्या फ्रीजरमध्ये हरणाचे मांस आणि नेटीच्या कोबीच्या गुंडाळ्या होत्या. तो दिवसरात्र घरघरत असे. माझ्या पडण्याचा आवाज त्याच्या घरघरीत बुडून गेला.

आयलीने पेटी काही आठवडे उघडलीच नाही. उघडायचे कारण नव्हते. मग ऑक्टोबर संपता संपता सरोवरावरून मोठे वादळ आले, आणि तळघराच्या खिडकीच्या चौकटीतून पाणी आत उतरले. त्या खिडकीखाली तिचा हातमाग होता. आईकडून आलेला. त्यावर ती जुन्या कपड्यांच्या चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. वादळ थांबल्यावर ती काळी पेटी हातात घेऊन ओरेस्टच्या गॅरेजसमोर आली. दार उघडे होते. मला सगळे ऐकू येत होते.

"ओरेस्ट, यात चार्जर आहे. गन नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. बघ."

"मी तुझ्या व्हरांड्यात ठेवली. पेटीसकट."

"पेटी आहे रे. गनची खाच रिकामी आहे."

"मग पेटीतून मीच काढून घेतली म्हणतेस?"

"मी असं कुठे म्हटलं? तुझ्या गॅरेजमध्येच कुठेतरी असेल. राहिली असेल तुझ्याकडून, विसरला असशील."

हा शब्द तिने बोलायला नको होता. पण तिला काय माहीत? ओरेस्टचा थोरला भाऊ बोहदान शेवटची वर्षे किल्ल्या साखरेच्या डब्यात ठेवायचा आणि स्वतःच्या मुलाला कोण तू असे विचारायचा. गेल्या उन्हाळ्यापासून ओरेस्ट स्वतःही गॅरेजमध्ये येऊन मध्येच उभा राहायचा. कशाला आलो होतो ते आठवत उभा राहायचा. हे नेटी त्याला बोलताना मी ऐकले होते. आयलीने नव्हते ऐकले.

"विसरलो?" त्याचा आवाज चढला. "मी काय म्हातारा झालोय? डोकं फिरलंय माझं?"

"अरे, एवढं काय झालं? एकदा आत नजर टाकतोस का, एवढंच म्हणतेय."

"टाकायची गरज नाही. मी दिली म्हणजे दिली. तूच कोणाला तरी देऊन बसली असशील. दिवसभर त्या सांध्यांच्या गोळ्या खातेस, तुझं तुला तरी काय आठवतं?"

 तेवढ्यावर तो थांबला असता तरी चालले असते.

"तोइवो गेल्यापासून तुला भांडायला कोणीतरी लागतंच," तो म्हणाला.

 मग पेटीचे झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

"बरं," आयली म्हणाली. "आपली कॉफी खूप झाली, ओरेस्ट. आता पुरे."

मित्रांनो, मी त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होते. तो वाकला असता, फ्रीजर वीतभर पुढे ओढला असता, तर शनिवारी पुन्हा पाव भाजला गेला असता. तो वाकला नाही. त्याने टायर उचलले आणि मोठ्याने आदळले.

नेटीने हे मिटवायचा प्रयत्न केला. गॅरेजमध्येच ती त्याला म्हणाली, "नवी घेऊन दे. दे आणि संपव."

"नवी दिली म्हणजे जुनी मी हरवली असं झालं."

"हरवली तर हरवली! माणसं हरवतात वस्तू!"

"मी नाही हरवली. नेटी, तू पण आता—" आणि मग हळू आवाजात, "बोहदानचं असंच सुरू झालं होतं. आठवतं ना तुला?"

 नंतर तिने त्याला न सांगता स्वतःच नवी गन विकत आणली आणि आयलीकडे नेली. परत आली तेव्हा गन तिच्या हातातच होती. ती ओरेस्टला म्हणाली, "घेत नाही ती. म्हणाली, मला गन नको, नेटी. त्याने माझ्या तोंडावर बघतो म्हणावं, मग नाही सापडली तरी चालेल." ओरेस्ट करवत पुसत होता. तो पुसत राहिला. ती नवी गन नेटीने दुकानात परत करून टाकली.

आयलीचाही हट्ट होता, हे मी नाकारत नाही. ती स्वतः दुकानात जाऊन दुसरी आणू शकली असती. पण आपली वस्तू शेजारी पडली आहे हे तिला पक्के ठाऊक होते, आणि ते खरे होते. खरे बोलणाऱ्या माणसाला मागे यायला फार जड जाते.

नोव्हेंबरमध्ये थोडे कोरडे दिवस आले. बर्फ पडायच्या आत ती खिडकी बुजवायलाच हवी होती. आयलीने तोइवोची जुनी लोखंडी गन काढली. हे मला नंतर नेटीच्या तोंडून कळले. तळघराची खिडकी जमिनीलगत, आणि तिच्याकडे उतरणाऱ्या दगडांवर पहाटेचे दहिवर गोठलेले. माझ्यासारखी गन एका हाताने चालते, दुसरा हात टेकायला मोकळा राहतो. लोखंडी गन दाबायला आयलीला दोन्ही हात लागले. धरायला काही उरले नाही. पाय सरकला.

मी फक्त तिची हाक ऐकली. तिने ओरेस्टचे नाव घेतले नाही. "नेटी!" अशी हाक होती. दोघेही धावले. ओरेस्टने फोन केला, आपला कोट काढला. तो तिच्या अंगावर घालायला वाकला तेव्हा ती म्हणाली, "तू राहू दे." एवढे मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आले. तिच्या उजव्या मनगटाचे दोन तुकडे झाले होते.

रुग्णवाहिका गेल्यावर तो गॅरेजमध्ये आला, एक बादली उलटी घातली आणि फ्रीजरला पाठ टेकून तिच्यावर बसला. त्याच्या श्वासाचा आवाज पत्र्यातून मला येत होता.  मला वाटले, आता तरी उठेल आणि शोधेल. मला वाटले, आता हा माणूस सगळे गॅरेज उलथेपालथे करील. पण आता शोधणे त्याला आधीपेक्षाही कठीण झाले होते. आधी मी सापडले असते तर तो फक्त विसराळू ठरला असता.

तो हिवाळा मी ऐकून काढला. पहिल्या मोठ्या बर्फानंतर ओरेस्टने यंत्र काढले आणि नेहमीसारखी आयलीच्या दारापर्यंत वाट केली. दुसऱ्या वेळी तो तिथे पोचला तर एक अनोळखी गाडी तिचे अंगण साफ करत होती. आयलीने माणूस लावला होता. त्यानंतर ओरेस्टचे यंत्र गवताच्या पट्टीपाशी येऊन वळायचे. दोन अंगणांमध्ये बर्फाचा बांध उभा राहिला, आणि कुंपण नव्हते तिथे मार्चपर्यंत तोच कुंपण झाला.

आयलीचे मनगट जुळले, पण बोटे पूर्वीसारखी वळेनात. ओल लागून हातमागाचे लाकूड फुगले होते. नेटी हे सगळे गॅरेजमध्ये येऊन नवऱ्याच्या पाठीला सांगायची. तो काहीबाही खटपट करत असायचा. एकदा तो फटकन म्हणाला, "मग मी काय करू? खिडकी मी फोडली?" नेटी म्हणाली, "नाही. तू काहीच केलं नाहीस. तेच तर." आणि फ्रीजरमधून मांसाचा तुकडा काढून ती निघून गेली. झाकण तिने इतक्या जोरात आदळले की माझ्यावर गंजाची भुकटी पडली.

वसंतात आयलीने घर विकले. दूर, सडबरी शहरात तिची बहीण होती, तिच्याकडे ती निघाली. निघायच्या दिवशी नेटी निरोप द्यायला गेली. ओरेस्ट गॅरेजचे दार लावून आत उभा राहिला. दाराला छोटी काच होती, तिच्यातून तो पाहत असावा. मोटारीचे दार लागले. मोटार सुरू झाली. नेटी आत आली, तिच्या हातात एक निळी-पांढरी सतरंजी होती.

"काही म्हणाली?" त्याने विचारले.

"कशाबद्दल?"

"असंच."

"म्हणाली, मागच्या खिडकीखाली मुंग्या होतात, नव्या माणसांना सांग." नेटीने सतरंजीची घडी घातली. "तुझ्याबद्दल काही नाही म्हणाली."

आणि मग, मित्रांनो, भर उन्हाळ्यात फ्रीजर बंद पडला. घरघर थांबली. मांसाचे पाणी जमिनीवर आले. ओरेस्टने शिव्या घालत आतले सामान काढले आणि फ्रीजर पुढे ओढला. मागे प्रकाश आला आणि मी दिसले.

तो तसाच उभा राहिला. मग खाली बसला, गुडघे कुरकुरत. त्याने मला उचलले. माझ्या पोटात ती नळी तशीच होती, तोटीच्या टोकापर्यंत दगड झालेली. दांड्यावर गंज चढला होता. माझ्या पिवळ्या कवचावर आयलीने शाईने घातलेले नाव अजून वाचता येत होते. त्याने बाहीने दांडा पुसला. त्याला पुसायला सांगितले होते, ते त्याने आता केले. त्याने चाप ओढला. माझ्यात जीव नव्हता.

"काय रे, काय सापडलं?" स्वयंपाकघरातून नेटीची हाक आली.

त्याचे तोंड उघडले.  आयलीचा सडबरीचा फोन नंबर नेटीने आत कपाटाच्या दारावर चिकटवला होता, हे त्याला माहीत होते.

"काही नाही," तो म्हणाला. "उंदराने घर केलंय."

त्याने मला जुन्या गोणपाटात गुंडाळले आणि ट्रकमध्ये सीटखाली ठेवले. तिथे मी आठवडाभर होते. तो एकदा ट्रक घेऊन पोस्टापाशी थांबला. मला वाटले, पाठवतो आहे. तो गोणपाटावर हात ठेवून बसला, मग गाडी सुरू केली. शेवटी फ्रीजर टाकायला तो गावाबाहेरच्या कचरा डेपोवर गेला. तिथे वापरता येतील अशा वस्तूंसाठी एक शेड आहे. कोणीही आणून ठेवावे, कोणीही घेऊन जावे. शेडमध्ये एक दाढीवाला कामगार सँडविच खात बसला होता. ओरेस्टने मला त्याच्यापुढे ठेवले.

"चालते का?" कामगाराने विचारले.

"माहीत नाही."

त्याने मला उलटे सुलटे करून पाहिले. "यावर नाव आहे. आयली... तुमची नाही का?"

"शेजारणीची होती."

"तिला नकोय?"

"ती गेली. म्हणजे, गाव सोडून गेली."

"मग एक फोन करून विचारा ना. लोक नंतर येऊन आमच्याशी भांडतात."

ओरेस्टने टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती नाही यायची भांडायला," तो म्हणाला आणि ट्रककडे गेला.

तेव्हापासून मी इथे आहे. पावसाळी दिवसांत माणसे येतात, मला उचलतात, चाप ओढून पाहतात, खाली ठेवतात. एकाने नळी काढायचा प्रयत्न केला. ती निघाली नाही. मी रागावलेली आहे, आणि ते मी लपवत नाही. मला भिंतीवर आपटले, याचा राग नाही. अंधारात पडले, याचाही नाही. वस्तू पडतात. मला राग याचा आहे की दोन चांगली माणसे माझ्यावरून एकमेकांना गमावून बसली आणि तेवढा वेळ मी तिथेच होते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल तर काम झाल्यावर नळी काढा, दांडा पुसा, बॅटरी थंडीत ठेवू नका. हे पेटीवर लिहिलेलेच असते. पेटीवर लिहिलेले नसते ते एवढेच आहे. मागून आणलेली वस्तू परत मिळाली नाही असे कोणी तुमच्या दारात येऊन म्हणाले, तर तुम्ही बरोबर असाल तरीही, उत्तर देण्याआधी फ्रीजर सरकवा. तो जड असतो, मला ठाऊक आहे. ओरेस्टने ओढला तेव्हा त्याला धाप लागली होती. पण सरकला.